तिकडचे दात

केसरबाईची मिसरी तव्यावर चढली की अख्खी गल्ली खोकायची. म्हातारे दार लावून घ्यायचे, बाया नाकाला पदर लावून शिव्या घालायच्या, आणि अर्ध्या तासानं त्याच बाया तळहात पुढं करून चिमूटभर मागायला यायच्या. तंबाखूची पानं कुणीही भाजतं, पण तवा कधी उतरवायचा ते केसरबाईलाच कळायचं. जरा आधी उतरवला तर मिसरी कच्ची राहते आणि हिरड्या सोलवटते. जरा उशीर झाला तर नुसता कोळसा. केसरबाई तव्याकडं बघायचीसुद्धा नाही. ती वासावर चालायची.

नेकनूरच्या पुढं डांबरी रस्ता सोडून आत वळलं की त्यांची वाडी. वाडीला बोअरचं पाणी. त्या पाण्यात काय आहे ते बघायला माणसं येऊन बाटल्या भरून घेऊन गेली, पण वाडीला जे कळायचं ते दातांवरूनच. पोरांचे दुधाचे दात पडून नवे आले की पिवळे यायचे, मग त्यावर तपकिरी पट्टे उठायचे. वाडीचा माणूस बीडच्या बाजारात हसला की भाजीवाल्या त्याच्या गावाचं नाव सांगायच्या. म्हणूनच बाया मिसरी लावतात, असं केसरबाईचं ठाम मत होतं. पिवळ्यापेक्षा काळं बरं. काळं निदान आपलं आपण केलेलं असतं.

मिसरीची डबी एकच होती आणि ती दोघींची होती, केसरबाईची आणि शेजारच्या छबुबाईची. दिवस उगवायच्या वेळेला दोघी छबुबाईच्या ओट्यावर बसायच्या, डबी मधे. तोंडात बोट असलं की बोलता येत नाही, म्हणून एकीनं लावायची आणि दुसरीनं बोलायचं, मग पाळी बदलायची, असा सव्वीस वर्षांचा रिवाज. केसरबाईचा नवरा रामकिसन अकरा वर्षांमागं गेला, तेव्हा तिसऱ्या दिवशी छबुबाई डबी घेऊन तिच्या दारात आली. म्हणाली, आज दोन्ही पाळ्या माझ्या, तू नुसती लाव. आणि तासभर ती एकटीच बोलत राहिली, कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेनं भाकरी करपवली, काहीबाही. त्या तासात केसरबाई पहिल्यांदा रडली.

केसरबाईला एकच मुलगा, हनुमान. पुण्यात कंपनीत चांगल्या कामाला. आईला विसरणारा पोरगा नव्हे, रविवार चुकेल पण त्याचा फोन चुकायचा नाही. त्याची सोयरीक तलवाड्याच्या अमरसिंहरावांच्या घरी जमली तेव्हा वाडीला मिसरीविनाच ठसका लागला. अमरसिंहराव म्हणजे मोठी जमीन, दारात दोन गाड्या, आणि निवडणूक कुठलीही असो, चौकातल्या फ्लेक्सवर त्यांचा फोटो. त्यांची धनश्री हनुमानच्याच कंपनीत होती. पोरीनंच पसंत केला म्हटल्यावर बापानं मान डोलावली.

साखरपुड्याला फोटोवाल्यानं केसरबाईला पुढं उभं केलं आणि म्हणाला, काकू, जरा हसा. उभ्या जन्मात तिला कुणी हस म्हणून सांगितलं नव्हतं. ती हसली. फोटोवाल्यानं कॅमेऱ्यात पाहिलं, मान वर करून तिच्याकडं पाहिलं, आणि म्हणाला, असू द्या काकू, मिटलेलंच छान दिसतंय. मागं दोघं-तिघं फिसकले. विहीणबाईंनी चांगुलपणानं दुसरीकडं बघितलं. हनुमानचे कान लाल झाले, ते मात्र केसरबाईला नीट दिसलं. तिनं पदर ओठांवर घेतला, तो पंगतीतसुद्धा खाली आला नाही. पदराआडून घास घेत ती जेवली.

आठ दिवसांनी हनुमानचा फोन आला.

“माय, तुजे दात नीट करून घेऊ. बीडला चांगली डॉक्टरीण हाय. आता तिकडं चार माणसांत बसायचंय तुला. तोंड झाकून कुठवर बसशील?”

इथंच घोटाळा झाला. हनुमानच्या मनात तेव्हा तलवाडा होता. लग्न मुलीकडं, अमरसिंहरावांच्या दारात, माणसांची ही गर्दी, दर दहा पावलांवर कॅमेरा. त्या गर्दीत आईकडं बघून परत कुणी फिसकू नये, एवढंच त्याचं म्हणणं. पण वाडीत ‘तिकडं’ या शब्दाला दुसरा अर्थच नाही. पोरगं तिकडं असतं, सून तिकडं गेली, तिकडं नळाला पाणी असतं. तलवाड्याला लोक तलवाडा म्हणत, बीडला बीड म्हणत, पुण्याचं नाव मात्र कुणी घेत नसे, बायका नवऱ्याचं घेत नाहीत तसं. तिकडं म्हणजे पुणं. त्यामुळं केसरबाईनं ऐकलं ते असं की लेक आपल्याला कायमचं न्यायला निघालाय, आणि नेण्याआधी दात करून देतोय.

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ चुलीपुढं बसून राहिली. अकरा वर्षं एकटीनं भाकरी थापली होती, एक सकाळची आणि एक रात्रीची, तिसरी केली तर शिळी व्हायची. आता हे संपणार होतं. एवढा आनंद एकटीच्या पोटात मावेना, म्हणून ती तशीच उठून छबुबाईकडं गेली.

छबुबाईचे दोन्ही मुलगे तिकडंच होते. एक रिक्षा चालवतो, एक गोदामात. दिवाळीला येतात, दोन दिवस राहतात, जाताना आईला साडी देतात. तिला कुणी नेलं नव्हतं, आणि नेतील अशी आशा धरायचं वय तिनं केव्हाच मागं टाकलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि वकिलासारखं विचारलं, नेतो असं म्हणला का? सबुद काय होता त्याचा? केसरबाईनं शब्द सांगितले.

“ह्यात नेतो कुठं हाय, केसर?”

केसरबाईला हा प्रश्न सुईसारखा लागला. ती म्हणाली, तुला न्हाई नेलं म्हणून मला बी नेऊ नये का कुणी? बोलून गेली आणि बोललेलं परत घेता येईना. छबुबाईनं डबीचं झाकण लावलं, डबी केसरबाईपुढं ठेवली आणि घरात गेली.

दाताच्या तीन खेपा झाल्या. डॉक्टरीण वर्षाराणी म्हणजे पोरगीच, पण हात हलका आणि बोलणं गोड. तिनं समजावून सांगितलं, दात काढायचे नाहीत. वरच्या पुढच्या आठ दातांवरून अगदी थोडं खरवडायचं आणि वर चिनी मातीची पातळ साल चिकटवायची. तिचा शब्द व्हिनिअर होता, पण केसरबाईला साल कळली. म्हंजे भिंतीला गिलावा, ती म्हणाली. डॉक्टरीण हसली आणि म्हणाली, अगदी तसंच मावशी, पण लक्षात ठेवा, गिलावा पडला तर आतली भिंत पहिल्यासारखी नसणार. खरवडलेला दात उघडा पडतो, पाणी लागलं तरी झणाणतो. मग मना केलेल्या गोष्टींची यादी आली. ऊस नाही, सुपारी नाही, हाडूक नाही. आणि मिसरीचं तर नावच काढायचं नाही, नुसत्या दातांसाठी नव्हे, जिवासाठी. केसरबाई हो म्हणाली. जिवाचं तिला फारसं काही वाटलं नाही, पण तिकडं मिसरी कोण लावतं?

रंग निवडायची वेळ आली तेव्हा डॉक्टरणीनं एक पट्टी काढली. पट्टीवर ओळीनं दात, पांढऱ्याशुभ्रापासून पिवळसरापर्यंत. केसरबाईनं पिवळ्या टोकाजवळच्या एकावर बोट ठेवलं, माझ्या वयाला शोभंल असा द्या म्हणाली. हनुमान म्हणाला, माय, पैले हायेत तसेच परत कावून घेतीस? आणि त्यानं पांढऱ्या टोकाचा निवडला. शेवटी डॉक्टरणीनं मधला काढून दोघांची समजूत घातली.

तीन खेपा म्हणजे हनुमाननं तीनदा रजा काढली. पुण्याहून यायचा, मित्राची मोटरसायकल घ्यायचा आणि तिला मागं बसवून बीडला न्यायचा. दवाखान्यात बाकावर दोघं खांद्याला खांदा लावून बसायची. दुसऱ्या खेपेला सुई दिल्यानं तिचा वरचा ओठ मेल्यासारखा झाला. बाहेर हॉटेलात हनुमाननं चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी तिच्या तोंडाला लावली. चहा ओठातून गळून हनुवटीवर आला. त्यानं स्वतःच्या रुमालानं पुसला, परत बशी लावली, परत पुसला. हॉटेलातली माणसं बघत होती. त्याचे कान लाल झाले नाहीत. केसरबाईला वाटलं, डॉक्टरणीनं आठच दात कावून सांगितले? सोळा सांगितले असते तर काय बिघडलं असतं?

तिसऱ्या खेपेला साली बसल्या. डॉक्टरणीनं आरसा हातात दिला. केसरबाईनं ओठ उघडले आणि मिटले, परत उघडले. आरशातली बाई बरी दिसत होती, चांगल्या घरची. आता हिला न्यायला कुणाला लाज वाटायचं कारण नव्हतं.

मग तिनं आवराआवर सुरू केली. धान्याच्या कोठ्या रिकाम्या केल्या, गोधड्या धुऊन बांधल्या. शेळी दावं धरून छबुबाईकडं नेली, आणि पाठोपाठ मिसरीचा तवा आणि डबीही. दोघींचं बोलणं तुटल्यासारखंच होतं. छबुबाईनं शेळी बांधून घेतली आणि डबीकडं बघून विचारलं, ही पण? केसरबाई म्हणाली, मला न्हाई लागायची आता. त्यानंतर रोज सकाळी केसरबाई आपल्या दारात उभी राहून ब्रशनं दात घासायची, पांढरा फेस थुंकायची, आणि पलीकडच्या ओट्यावर छबुबाई तोंडात बोट घालून एकटी बसलेली असायची. तिची लावायची पाळी संपायची, आणि बोलायला समोर कुणी नसायचं.

लग्न थाटात झालं. मांडवात भिंतीएवढा पडदा लावला होता आणि त्यावर केसरबाईचं तोंड बैलगाडीएवढं दिसत होतं, हसताना. विहीणबाईंनी हात धरून शेजारी बसवलं. त्याच फोटोवाल्यानं तिला ओळखलंच नाही आणि म्हणाला, काकू, तुमचा एकटीचा एक घेऊ का? हनुमान जवळून जाताना कानाशी म्हणाला, अशीच हस माय. ती हसत राहिली. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, तरी हसत राहिली. रात्री गालफडं दुखत होती, पण ते दुखणं गोड होतं.

सून घरी आली. सत्यनारायण झाला, गोंधळ झाला. धनश्री चांगली पोरगी निघाली, चुलीपुढं बसायची, धुरानं डोळे पुसायची आणि आई, आई करत मागं फिरायची. पाच दिवस घरात तीन माणसांच्या भाकऱ्या झाल्या. केसरबाई एक जास्तीची करायची आणि तीही संपायची. तिनं कुणाला काही विचारलं नाही. न्यायचंच आहे तर विचारायचं काय?

सहाव्या दिवशी सकाळी दारात गाडी लागली. गल्ली निरोपाला गोळा झाली. केसरबाई लग्नातलं नवं लुगडं नेसून तयार होती. दाराआड तिचं गाठोडं बांधलेलं होतं, मागचं दार आतून लावून झालं होतं, चुलीत पाणी ओतलं होतं, आणि हातात कुलूप होतं. हनुमाननं बॅगा डिकीत ठेवल्या, रुखवतातली भांडी ठेवली, शेवयांचा डबा मागच्या सीटवर ठेवला, त्याच्या शेजारी धनश्रीची पिशवी. सीट भरली. केसरबाई ते बघत होती. डबा मांडीवर घेऊन बसता येईल, एवढाच विचार तिच्या मनात आला.

हनुमान वळून तिच्याकडं आला, वाकायच्या बेतात थांबला.

“माय, कुलूप कशाला हातात?”

केसरबाईनं गाडीकडं बघितलं, गच्च भरलेल्या सीटकडं बघितलं, आणि तिला एका दमात सगळं कळलं. गल्ली ऐकत उभी होती. सगळ्या गल्लीला तिनंच सांगून ठेवलं होतं.

गर्दीतून छबुबाई पुढं आली आणि तिनं ते कुलूप केसरबाईच्या हातातून काढून घेतलं.

“माजं हाय ते. सकाळी मीच मागितलंतं हिला, माजं गंजलंय.”

बस्स. हनुमाननं बरं बरं म्हणत पायाला हात लावला, धनश्री वाकली. दात जप माय, तो म्हणाला, मिसरीच्या नादी लागू नको. केसरबाई हसली. आठही दात दिसतील अशी हसली, आणि गाडी देवळाच्या वळणाआड जाईपर्यंत हसत राहिली. लेकानं एवढे दात करून दिले होते, ते त्या घडीला कामाला आले.

गल्लीनं तोंडावर काही म्हटलं नाही, आणि तेच वाईट. कुणी टोमणा मारला असता तर भांडता आलं असतं. संध्याकाळी बघते तर शेळी आपल्या खुंट्याला परत बांधलेली, समोर पाला टाकलेला. छबुबाई कधी येऊन बांधून गेली ते दिसलंच नाही. केसरबाईला तिचे उपकार मानायला हवे होते, पण झालं उलटंच. आपली फजिती जिनं सगळ्यात जवळून बघितली आणि झाकली, तिच्याच तोंडाकडं बघवेना. कुलूप परत मागायलाही ती गेली नाही.

पावसाळा तसाच गेला. भाकऱ्या परत दोनवर आल्या. रविवारी हनुमानचा फोन यायचा, आता तोंड दिसणारा. दोघं सोफ्यावर बसलेली असायची. कशी हायस, दात दाखव बघू, तो म्हणायचा. ती दाखवायची. झकास, तो म्हणायचा. धनश्री हात हलवायची. एवढ्यात कुणीतरी दारावरची घंटी वाजवायचं आणि फोन संपायचा. मग केसरबाई ते चकचकीत दात मिटून बसायची. दाखवायला दुसरं कुणी नव्हतं. शेळीपुढं हसून काय करणार? दात झाकायचे होते तेव्हा रोज हसायला माणूस होतं, आणि आता दात उघडे टाकायची सोय झाली तर माणूस नाही, असं तिला वाटायचं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

दिवाळी आली. पहिला दिवाळसण, जावई सासरीच जाणार. हनुमान तलवाड्याला आला, तिथून वाकडी वाट करून दोन तास वाडीला येऊन गेला, फराळाचा डबा ठेवून गेला. चिवडा मऊ होता, दातांना चालणारा. त्यानं आठवणीनं तसा आणला होता.

तुळशीचं लग्न लागलं. केसरबाईनं रीतीनं वृंदावनाभोवती उसाची खोपी केली, दिवा लावला, शेजारच्या दोन पोरी अक्षता टाकून पळाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ती अंगणात बसली होती. वाळत चाललेले ऊस समोर उभे होते. तिला बीडचं ते हॉटेल आठवलं. बशी आठवली, फुंकर आठवली, हनुवटीवर फिरलेला रुमाल आठवला. गिलावा पडला तर काय होईल? लेकाला यावं लागेल. रजा काढून, मोटरसायकल घेऊन.

खोटं कशाला बोलायचं, ऊस तिनं मुद्दाम खाल्ला. एक कांडं मोडलं, सगळ्यात जाड बुडख्याचं. पुढच्या दातात धरलं आणि देवाचं नाव घेऊन ओढलं. सालपट निघालं, आणि त्याबरोबर समोरच्या एका दातावरची सालही निघाली. ती तिनं तळहातावर घेतली. नखाएवढा तुकडा, पातळ, चकचकीत. वारा आत गेला तसा उघडा दात झणाणला आणि कळ कपाळापर्यंत गेली. तिनं तुकडा पदराच्या टोकाला बांधला, तोंड धुतलं आणि फोन लावला. छातीत धडधडत होतं, तिचं स्वतःचं लग्न ठरलं त्या दिवशी धडधडलं होतं तसं.

हनुमाननं उचलला. मागं माणसांचे आवाज होते. तिनं सांगितलं, दात निघाला, भाकरीचा कडक घास होता. तो म्हणाला, दुखतंय का लई? ती म्हणाली, जरा.

“तुकडा सांभाळून ठेव. मी डॉक्टरणीला फोन करून सांगतो, ती चिटकवून दील. छबुमावशीला सोबत घे आन यष्टीनं जा सावकाश. घाई न्हाई माय. आता लगीन तर झालंय.”

त्यानं हे मायेनंच म्हटलं होतं. आईची तारांबळ होऊ नये म्हणून म्हटलं होतं. ती हो बाबा म्हणाली. त्यानं शेळीचं विचारलं, तिनं सांगितलं, आणि फोन ठेवला. मग तिनं तुळशीपुढचे ऊस उपटले आणि शेळीपुढं टाकले. दात कुणासाठी केले होते ते आता नीट कळलं होतं. तिच्यासाठी नव्हते, आणि तिकडच्यासाठीही नव्हते. एका दिवसासाठी होते. तो दिवस मे महिन्यातच होऊन गेला होता.

सकाळी तिला जाग आली ती वासानं. पलीकडं तवा चढला होता आणि मिसरी करपत होती. अशी ती सहा महिने रोज करपत होती आणि केसरबाई कूस बदलून पडून राहायची. आज तिच्यानं राहवेना. ती तशीच उठली, पदर खोचला, छबुबाईच्या घरात शिरली आणि फडक्यानं धरून तवा खाली उतरवला.

छबुबाई धुरात डोळे पुसत बसली होती. केसरबाई म्हणाली, हे काय भाजलंयस?

“कोळसाच लावतीय मी सहा महिने,” छबुबाई म्हणाली.

केसरबाईनं तवा घासून परत चढवला, नवी पानं टाकली. वास बदलला, गल्लीत पहिला खोकला उठला, आणि केसरबाईनं तवा उतरवला. पानं दगडावर कुटून बारीक केली आणि डबी भरली. मग दोघी बाहेर ओट्यावर येऊन बसल्या, डबी मधे. छबुबाईचं लक्ष तेव्हा तिच्या तोंडाकडं गेलं.

“एक गेला का गं?”

“काल गेला. हनमा म्हणला, घाई न्हाई. लगीन तर झालंय.”

पुढं सांगायची गरज नव्हती. दोन मुलं तिकडं असलेल्या बाईला एवढं पुरतं. छबुबाईनं चिमूट घेतली, आणि डबी केसरबाईपासून लांब सरकवली.

“तुला चालत न्हाई न्हवं ही?”

“सालीला चालत न्हाई,” केसरबाई म्हणाली आणि तिनं डबी परत मधे ओढली. “ह्यो माजा हाय.”

तिनं बोटाच्या टोकावर किंचित मिसरी घेतली आणि त्या एका उघड्या दातावर लावली. असली झोंबली की डोळे गच्च मिटले. दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं आणि गालांवरून खाली उतरलं. ती बोट काढीना आणि पाणी थांबेना.

छबुबाईनं तिच्याकडं बघितलं, आपल्या बोटावरची चिमूट परत डबीत झाडली आणि हात पुसला.

“बरं,” ती म्हणाली, “आज दोन्ही पाळ्या माझ्या. तू नुसती लाव.”

आणि कालपासून मुंजाजीच्या म्हशीनं पाणी कसं तोंडाला लावलं नाही, ते ती सांगायला लागली.